पाडव्याची वाट बघू नका, आत्ताच बिया टाका

फेब्रुवारी आला की कोणी ना कोणी फोन करून विचारतंच, अगं बाग सुरू करायचीये, काय लावू? आणि बहुतेकांनी आधीच यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ बघितलेले असतात, त्यातले निम्मे थंड देशातले, जिथे शेवटचं हिम पडून गेलं की एप्रिल-मेमध्ये बी पेरतात. आता पुण्यात कुठलं आलंय हिम! इथे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा कोवळं रोप गच्चीत ठेवलं तर दुपारपर्यंत मान टाकतं. पंचांगात वसंत चैत्र-वैशाखात असू दे, आपल्या कुंड्यांचा वसंत जानेवारी संपताना सुरू होतो आणि होळीच्या आसपास आटोपतो. तेवढ्या वेळात मुळं खाली गेली पाहिजेत, मग पुढचं ऊन झाड सोसतं.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, सध्या जे लावाल ते उन्हाळा आवडणारंच लावा. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी, आणि पालेभाजीत लाल माठ नाहीतर अंबाडी. मिरची-वांग्याची तयार रोपं मिळाली तर तीही चालतील. टोमॅटोचा मोह सगळ्यांना होतो पण ३५ डिग्रीच्या वर गेलं की टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत, झाड हिरवंगार दिसतं, फुलं येतात आणि गळून जातात. कोथिंबीर, पालक पण आत्ता नको, लगेच तुऱ्यावर येतात, म्हणजे पानं सोडून फुलायला लागतात. ती दिवाळीच्या आसपास पेरा.

नर्सरीत जाताना डोकं शांत ठेवा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून आलेली मंडळी पेटलेलीच असतात, त्यात सोलापूर रोडला उरुळी कांचनपर्यंत रस्त्याकडेला नर्सऱ्याच नर्सऱ्या, आणि तिथे फेब्रुवारीत पिटुनिया, पॅन्सी, डायंथस असे फुललेले असतात की गाडीची डिकी भरूनच माणूस घरी येतो. ती सगळी थंडीची फुलं हो, त्यांचा शेवटचा अंक चालू असतो. त्याच पैशात मोगरा घ्या. जुना मोगरा असेल तर आत्ताच छाटा, थोडे दिवस पाणी तोडा आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी सुरू करा, कारण मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, जुन्या काड्या सांभाळून काही मिळत नाही.

पण त्याच्याही आधी ऊन बघा. हे कोणी बघतच नाही. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत पार हॉलपर्यंत ऊन येतं, आपण खूश होऊन तिथे कुंड्या मांडतो, आणि मग तो सरकत सरकत मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात बरोब्बर डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो), म्हणजे वरच्या बाल्कनीचा स्लॅब सगळं ऊन अडवतो आणि ऐन भेंडीच्या दिवसात कुंडी सावलीत. पश्चिमेच्या बाल्कनीचं उलट, तिथे मेमध्ये दुपारी भट्टी असते, हिरवी नेट लागतेच. फळभाजीला पाच-सहा तास ऊन हवं, तेवढं नसेल तर सरळ पुदिना नि अळू लावा, काही बिघडत नाही.

मातीचं म्हणाल तर नुसती काळी माती कुंडीत भरू नका, पाणी धरून बसते आणि सुकली की दगड होते. मी साधारण एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वर मूठभर निंबोळी पेंड असं घेते. कोकोपीट आधी एकदा धुवून घ्या, खार असतो त्यात. आणि आपल्याकडचा फुकटचा माल म्हणजे उसाची चिपाडं! फेब्रुवारी-मार्चमध्ये रसवंत्या सुरू होतात, रसवाल्याला सांगितलं की पोतंभर देतो, त्याचंच ओझं कमी होतं. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा नाहीतर मुंग्यांची वरात येईल, आणि मग कुंडीच्या तळाशी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत दाबून भरा. कुंडी हलकी राहते, ओल टिकते. फक्त चिपाडं कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतात, म्हणून त्यांच्यावर शेणखताचा जाड थर द्यायचा, तिथे कंजुषी नको. याच दिवसात पानगळही असते, सोसायटीतली वाळकी पानं झाडून पेटवण्यापेक्षा मागून आणा आणि कुंडीत वर पसरा.

पहिल्यांदाच करत असाल तर भेंडीपासून सुरुवात करा असं माझं मत. बी कडक सालीचं असतं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, तरंगणारी टाकून द्या. रोपं करून मग हलवायच्या भानगडीत पडू नका कारण सोटमूळ दुखावलेलं तिला आवडत नाही, थेट कुंडीतच बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल दोन-दोन बिया टाका, कुंडी निदान फूटभर खोल हवी. ऊब असेल तर आठवड्यात उगवते, मग दोनातलं मरतुकडं कात्रीने कापा, उपटू नका. दीड महिन्यात फूल येतं, फिकट पिवळं, आत गडद मरून ठिपका, अगदी जास्वंदीची धाकटी बहीण (कूळ एकच आहे दोघींचं), सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटून गेलेलं असतं. त्यानंतर मात्र दिवसाआड तोडा, गावाला गेलात की जून झालीच. बियाणं घेताना अर्का अनामिका मिळालं तर बघा, बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचं वाण आहे, पानांच्या शिरा पिवळ्या पडायचा जो रोग पांढरी माशी पसरवते त्याला ते बऱ्यापैकी दाद देत नाही.

पाणी सकाळी लवकर, नाहीतर ऊन उतरल्यावर. मे महिन्यात पाणीकपात आणि टँकर हे आलंच, त्यामुळे डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत जमवायची सवय आत्ताच लावून घ्या. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरी खपली धरते, ती वरच्यावर खरवडून काढा. आणि गच्ची सोसायटीची असेल तर आधी लेखी परवानगी घ्या बाबांनो, खालच्या फ्लॅटच्या सीलिंगला ओल आली की ती कुठूनही आलेली असो, नाव तुमच्या भेंडीचंच होणार. कुंड्या भिंतीलगत, बीमच्या वर, खाली दोन विटा ठेवून मांडा, म्हणजे पाणी साचणार नाही आणि झाडूही फिरवता येईल.