आपोआप वर चढणारा ठोकळा
आकृती, दिलेलं काय नि काढायचं काय, तत्त्व, समीकरणं, पडताळणी. भौतिकशास्त्राचं कुठलंही गणित याच पाच पायऱ्यांनी सोडवायचं, असा माझ्या वर्गात नियम आहे. पायरीला १ गुण. सूत्र आठवलं की आकडे कोंबायचे, ही सवय मोडायला मला दुसरा उपाय सापडलेला नाही.

परवाच्या चाचणीत ३० अंशांची उतरण होती. तिच्यावर २ किलोचा ठोकळा अलगद ठेवला, स्थितिक घर्षण गुणांक ०.७, तर त्वरण किती?

एका मुलीचा पेपर तपासताना समाधान वाटत होतं. फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे ठोकळ्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती, नेटका, एक अक्ष उतरणीला समांतर, दुसरा लंब. खाली ओढणारा वजनाचा घटक ९.८ न्यूटन. लंब प्रतिक्रिया, म्हणजे उतरणीचा ठोकळ्यावरचा लंब रेटा, १६.९७, म्हणून ०.७ नं गुणून घर्षण ११.८८. त्वरण १.०४ मीटर प्रति सेकंद वर्ग, दिशा वर! शेवटी लिहिलेलं, 'पडताळणी: एककं बरोबर.' तत्त्वाचा गुण कापून मी ४ दिले. एका मुलानं दोनच ओळी लिहिल्या होत्या: 'टॅन ३० म्हणजे ०.५८. ०.७ पेक्षा कमी, म्हणून ठोकळा हलणार नाही.' त्याला २.

पेपर वाटल्यावर ती मुलगी आली. "मॅडम, माझा ठोकळा आपोआप वर चढतोय."

गुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया ही घर्षणाची कमाल मर्यादा. ठोकळा थोपवायला लागतं तेवढंच घर्षण लागू होतं, इथे ९.८. पुस्तकं सूत्र चौकटीत छापतात आणि 'कमाल' हा शब्द चौकटीबाहेर राहतो, याचा मला दरवर्षी संताप येतो. तिला ते लगेच पटलं. मग तिनं विचारलं, "पण पडताळणीचा गुण मला कशाचा दिलात?"

तो गुण मी तिच्यासमोरच खोडला. खरं तर तिनं पडताळणी केली होती, फक्त पेपर हातात पडल्यावर. "पायऱ्या दिसल्या की गुण द्यायचे," असं एक सहकारी म्हणाले. तपासणीचे गठ्ठे उरकायला ते सोयीचं आहे, पण मला ते मान्य नाही. आता समीकरणाला हात लावण्याआधी 'काय होईल असं वाटतं?' याचं एका वाक्यात उत्तर लिहून घेते.

त्या मुलाचे २ गुण मात्र अजून तसेच आहेत. त्याला ठोकळा दिसला होता, हे नक्की. पण पुढच्या आठवड्यात कप्पीवरच्या दोरीनं बांधलेले दोन ठोकळे येतील, तिथे दोन ओळींत त्याचं भागणार नाही.