कुंचला पुसायची भिंत

बेळगावातले शहापूर सांगली संस्थानात होते तेव्हा बांधलेल्या आमच्या घराची माडी आता उतरवायची ठरली आहे, म्हणून गेल्या आठवड्यात दुपारी एकटाच जाऊन आलो. उचलून आणावे असे काही उरले नव्हते. जिन्याखालच्या भिंतीशी मात्र थबकलो. तिथे अप्पा कुंचले पुसत असत.

अप्पा पाट्या रंगवत. खडू चोळलेल्या दोरीचे एक टोक मी धरायचे आणि त्यांनी मधोमध टिचकी मारायची, की पत्र्यावर पांढरी रेघ उमटे. देवनागरी अक्षरे ते त्या रेघेला टांगत; कानडी लिहिताना मनगट सैल सोडत, कारण त्या लिपीला सलग शिरोरेषा नाही, बहुतेक अक्षरांच्या डोक्यावरचा तलकट्टू सुटा सुटा काढावा लागतो. "मराठी अक्षर दोरीवर वाळत घालायचं, कानडी भाकरीसारखं थापायचं," असे ते म्हणत. वर कोणती लिपी आणि खाली कोणती, हे गिऱ्हाइकाने ठरवावे. मजुरी फुटावर असल्यामुळे अप्पांना दोन्ही सारख्याच प्रिय होत्या.

1 नोव्हेंबर 2014 रोजी गावाचे नाव सरकारदरबारी बेळगावी झाले, तेव्हा अप्पा असते तर वर्षभर उसंत मिळाली नसती, असे मला उगाच वाटून गेले. खरे तर तोवर फ्लेक्स आले होते. (मी अजून बेळगावच म्हणतो, पाकिटावर बेळगावी लिहितो, कारण टपाल पोहोचायला हवे.)

भिंतीवरचा थर आता बोटाच्या पेराएवढा जाड झाला आहे. किल्लीने त्याची कड खरवडली, तर काळा, शेंदरी, पोपटी, पुन्हा काळा, अशा रेघा कापलेल्या कांद्यासारख्या दिसू लागल्या. यांतच कुठेतरी खाली निळा असणार. मी सात वर्षांचा असताना निळ्या ऑईलपेंटचा डबा सांडला होता. आता मार बसणार म्हणून डोळे मिटले, तर अप्पांनी माझा बरबटलेला पंजा तसाच भिंतीवर दाबला आणि मग तारपिनाने माझी बोटे एकेक करून पुसली.

तो पंजा पाहायची फार इच्छा झाली. पण त्याच्यापर्यंत पोहोचायचे, तर त्यावर चढलेले अप्पांचे सगळे हात खरवडावे लागले असते. त्याच किल्लीने कुलूप लावले आणि निघालो.