आमची वाटचाल : गाळ्याच्या भिंतीवरची रेघ

कुर्ल्याच्या आमच्या गाळ्यात भिंतीवर साडेचार फुटांवर लाल तेलरंगाची रेघ आहे. २६ जुलै २००५ ला मिठीचं पाणी तिथवर चढलं होतं. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आम्ही पुठ्ठ्याचे खोके बनवतो, म्हणजे कच्चा माल सगळा कागद. क्राफ्टची, म्हणजे खोक्याच्या जाड तपकिरी कागदाची, उभी लावलेली रिळं पाणी पिऊन फुगली आणि खालून फुटली. चार माणसांना एक रीळ हलेना. शेवटी कोयत्याने तोडून तुकडे बाहेर काढले.

हा धंदा अण्णांचा, माझ्या सासऱ्यांचा. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, तेव्हा हातावर खोके चिकटवून सुरुवात केली. १९९८ पासून हिशेब मी बघते. पाणी ओसरल्यावर ती रेघ अण्णांनीच मारली, तिच्या वर लोखंडी माळा बांधला, रिळं चढवायला चेनपुली बसवली. २९ ऑगस्ट २०१७ ला पुन्हा गुडघाभर पाणी शिरलं. कागद कोरडा राहिला.

पैशाची रेघ कुठे मारायची, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं. उलाढाल वाढतेय म्हणजे बरं चाललंय, असंच मी धरून चालले होते. २०१८ मध्ये निम्म्याहून जास्त माल एकाच पार्टीला जात होता आणि त्यांनी पाच महिने पेमेंट अडकवलं. तोवरची सगळ्यात मोठी उलाढाल त्याच वर्षीची, आणि त्याच दिवाळीत बोनससाठी मी बांगड्या गहाण ठेवल्या.

त्यानंतर वेगळी वही घातली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिच्यात चार आकडे लिहिते. पहिला आकडा दिवसांचा : उद्यापासून एक रुपया आला नाही, तर पगार, भाडं, लाइट बिल आणि बँकेचा हप्ता किती दिवस भागेल? २०१८ मध्ये हे उत्तर १९ दिवस होतं. पै पै बाजूला टाकून मार्च २०२० पर्यंत ते ७१ वर आणलं, आणि २५ तारखेपासून टाळेबंदी लागली. चौदा जणांचे दोन महिन्यांचे पूर्ण पगार त्यातूनच झाले. गावी गेलेले दोघं सोडून सगळे परत आले. हात बसलेला कारागीर नव्याने घडवायला किती काळ जातो, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

दुसरा आकडा सगळ्यात मोठ्या पार्टीच्या वाट्याचा. तो पंचवीस टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं ठरवलंय. तिसरा, बिल गेल्यापासून पैसे हातात येईपर्यंतचे दिवस. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात पैसे चुकते करायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे, आमचे आज ५८ आहेत. आम्ही या कायद्यात बसतो हे दिसावं म्हणून उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक आता प्रत्येक बिलावर छापतो आणि मुदत टळली की मी स्वतः फोन करते.

चौथा कतरणीचा, म्हणजे कापताना वाया जाणाऱ्या कागदाचा. शंभर किलो कागदामागे आमची अकरा किलो कतरण निघायची आणि ती रद्दीच्या भावाने जायची. एक दिवस ऑपरेटरने मला मशीनपाशी नेऊन पट्टी लावून दाखवलं. "वहिनी, शीट अडतीस इंची, रीळ बेचाळीस इंची. चार इंच रोज रद्दीत जातात." चाळीस इंची रिळं मागवायला लागलो, कतरण सातवर आली. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय. त्यामुळे मोठ्या पार्ट्या आम्हालाही कागद आणि विजेचा हिशेब विचारतात. आमच्याकडे तो वहीत तयार असतो.

यंदा पाचवा रकाना आखलाय : कुठलं मशीन किती जणांना चालवता येतं. खोक्याच्या शीटला खाचा पाडणाऱ्या स्लॉटिंग मशीनपुढे एकच नाव आहे, आणि तो दर गणपतीत पंधरा दिवस कोकणात जातो. गेल्या सोमवारपासून पेस्टिंगवरची (चिकटवण्याच्या कामावरची) एक मुलगी रोज तासभर त्याच्याशेजारी उभी राहून शिकतेय.