पाहुणा सेंटर फॉरवर्ड

१५ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी सहाला इंग्लिश प्रीमियर लीगची फुटबॉल मॅच, लेस्टर विरुद्ध आपलं आर्सेनल. डोंबिवलीत मित्राच्या घरी आम्ही पाच जण, आणि पहिला तासभर मॅचपेक्षा भांडणच जास्त.

आपला स्ट्रायकर जेझुस, त्याचा गुडघा जानेवारीतच गेला. साका, मार्टिनेली हे पुढच्या फळीतले दोघे दुखापतीने आधीच बाहेर. आणि आता दुबईच्या सरावात उरलेल्या हावर्ट्झचीही हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेली! जानेवारीची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू विकत घ्यायची मुदत, उघडी होती तेव्हा आपण काय केलं? अ‍ॅस्टन व्हिलाच्या स्ट्रायकर वॉटकिन्ससाठी एक बोली लावली, व्हिलाने नाही म्हटलं, विषय संपला. माझं म्हणणं एवढंच, जेझुस गेल्यावर तरी कुणीतरी आणायलाच हवा होता, अगदी लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून काही काळापुरता उसना का होईना. मित्र म्हणतो, घाईत महागडा भंगार माल घेण्यापेक्षा उन्हाळ्यापर्यंत थांबलेलं बरं. (हाच माणूस सेलमध्ये तीन जोडी बूट घेतो.)

काकू पोह्यांच्या प्लेटी ठेवता ठेवता म्हणाल्या, "एवढी मोठी टीम, आणि गोल मारायला एक माणूस नाही होय रे?" कोणी उत्तर दिलं नाही. माझ्या पोह्यांवरचं लिंबू तसंच राहिलं.

६९व्या मिनिटाला आपला मेरिनो बदली म्हणून आला. मिडफिल्डर! थेट सेंटर फॉरवर्डला, म्हणजे सगळ्यात पुढे गोल मारायच्या जागेवर. ८१व्या मिनिटाला सतरा वर्षांच्या न्वानेरीचा क्रॉस, मेरिनोचं डोकं, गोल. ८७व्या मिनिटाला ट्रोसारच्या पासवर दुसरा. २-०.

मित्र सोफ्यावर उभा राहून ओरडला, "बघ, लागला का स्ट्रायकर?"

लागला रे बाबा, लागलाच. मीही ओरडत होतो, फक्त मत बदललेलं नाही. परतीच्या रिक्षात परत तेच सुरू.