पुश स्टार्ट अपडेट : बायपासने डोक्याला लावलेला भुंगा
लागली मंडळी, एकदाची लागली! आणि नशिबाने एखाद्या वेळी नाही, सकाळ-संध्याकाळ, धो धो पावसात, गरम इंजिनावर, कशीही. ब्रेकवर पाय, बटण, आणि भुर्र. नवीन मंडळींसाठी थोडक्यात: चावीवर चालणाऱ्या गाडीला मी बाहेरचं पुश स्टार्ट किट बसवलंय, म्हणजे चावीऐवजी बटण. पण गाडीत इमोबिलायझर आहे, तो चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ देत नाही, आणि ती चिप चावीच्या भोकाभोवतीच्या रिंगमधून वाचली जाते. चावीशिवायही त्याला चिप दिसावी म्हणून बायपास, म्हणजे आत चिप आणि रिले, आणि रिंगला गुंडाळायची कॉइल. मागच्या वेळी ज्यांनी "चिप सरळ रिंगला टेपने चिकटव आणि झोप" असा सल्ला दिला होता त्यांना आधीच सांगतो, तसं केलेलं नाही, का ते पुढे येतंच आहे.

लक्षण तुम्हाला ठाऊक आहे. स्टार्टर मस्त फिरतो, इंजिन पकडत नाही, डॅशवर इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतो. परत बटण दाबलं तर कधी एका दमात लागणार, कधी नुसतीच घरघर. आणि नाटक बघा, पोर्चमध्ये मल्टीमीटर घेऊन बसलो की शहाण्यासारखी लागणार, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मागे टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून उभा असला की हमखास रुसणार. बाबांचं एकच पालुपद, "चावी फिरवायला कधी हात दुखला होता का रे तुझा?"

पहिला संशय अर्थातच दोन चिपांच्या भांडणाचा. स्टिअरिंग लॉक अजून जागेवर आहे, त्यामुळे टेस्टिंगला बॅरलमध्ये चावी लागतेच, आणि रिंगजवळ ओरिजिनल चावीची चिप आणि बायपासमधली चिप एकाच वेळी बोलायला लागल्या की ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) एकीचंही धड ऐकू येत नाही. म्हणून बिनचिपची साधी चावी कापून घेतली. फरक शून्य. मग कॉइलच्या वेढ्यांवर संशय. चिपला स्वतःची बॅटरी नसते, रिंगमधून येणाऱ्या १२५ किलोहर्ट्झच्या फील्डवरच ती जागी होते, त्यामुळे वेढे सैल असले तर कमजोर पडणार हे सरळ गणित. सोडून परत घट्ट गुंडाळले, रिंगला चिकटून. थोडं सुधारल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. ग्राउंड पण बदलला, किटवाल्याने डॅशच्या पत्र्याला स्क्रू मारायला सांगितलं होतं, मी बॉडीला घासून लग लावला. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ते तार न कापता जोड देणारे निळे टॅप कनेक्टर तर लावूच नका, एका पावसात आतली तार हिरवी होते. सोल्डर आणि हीट श्रिंक, त्याला पर्याय नाही.

खरी मेख सापडली ती वैतागून ब्रेक न दाबता बटणाशी चाळा करत बसलो तेव्हा. ब्रेक न दाबता एकदा बटण म्हणजे एसीसी (रेडिओ वगैरेपुरती वीज), दुसऱ्यांदा म्हणजे ऑन (इग्निशन), आणि तिथे जरा थांबून मग ब्रेक दाबून बटण मारलं की गाडी दर वेळी लागते. दर वेळी! सरळ ब्रेक-बटण केलं तरच नखरे. म्हणजे चिप ठीक, कॉइल ठीक, घोळ आहे तो वेळेचा. ग्लव्ह बॉक्स काढून कान लावून ऐकलं. आधी एसीसीच्या रिलेची टिक, मग ऑनची, आणि त्याच्या किंचित मागून बायपासच्या रिलेची, तोपर्यंत स्टार्टर घ्यायला लागलेला. किटबरोबर आलेल्या चित्रात बायपासचा ट्रिगर ऑनच्या वायरवर दाखवलाय. पण ऑन मिळाल्या मिळाल्या ईसीयू चावी विचारून मोकळा होतो, आणि आमचा बायपास तेव्हा अजून डोळे चोळत असतो.

मग म्हटलं ट्रिगर ब्रेकवरून घेऊ, पाय तर बटणाच्या आधीच पडतो. वायर सोलायला घेतली आणि हात थांबला. ब्रेक दाबला की चिप जिवंत, मग फोब (किटचा रिमोट) खिशात असो नसो. कोणीही काच फोडून आत बसला, ब्रेक दाबला आणि बॅरलमध्ये स्क्रू ड्रायव्हर घातला की गाडी त्याची. चिप टेपने चिकटवण्यात तरी दुसरं काय होतं? इमोबिलायझर मेल्यातच जमा. एवढे पैसे घालून गाडी चोरायला सोपी करायची असेल तर दार उघडंच ठेवलेलं बरं.

तर शेवटी ट्रिगर घेतला एसीसीवरून, ती टिक सगळ्यात आधी येते आणि फोब ओळखल्याशिवाय येतच नाही. पण क्रँक करताना किट एसीसी तोडतं, म्हणून ऑन पण जोडलं. दोन्ही सरळ जोडल्या तर एकीचा करंट दुसरीत घुसणार, म्हणून दोन्हींत एकेक १एन४००७ डायोड, पट्टी बायपासच्या बाजूला. डायोडमध्ये ०.७ व्होल्ट जातात, १२ व्होल्टच्या रिलेला त्याचं काही पडलेलं नाही. चहाच्या पैशात येणारे दोन डायोड, आणि मी त्यासाठी नवीन मॉड्यूल मागवायच्या तयारीत होतो. किटच्या सपोर्टवाल्याला कळवलं तर म्हणे, "सर, दुसरं मॉडेल घ्या." घेतो हां.

किलेसची, म्हणजे फोब जवळ आला की दारं आपोआप उघडायची आणि लांब गेला की लॉक व्हायची, गंमत वेगळीच. रायबंदरहून चोडणला फेरीबोटीत गाडी चढवली, इंजिन बंद, मी उतरून कठड्याला टेकलो. उभा होतो नेमका रेंजच्या काठावर. जरा मागे रेललो की लॉक, पुढे वाकलो की अनलॉक, प्रत्येक वेळी इंडिकेटर चमकतायत, आणि सगळी फेरीबोट नदी सोडून माझ्या गाडीकडे बघतेय. ऑटो लॉक बंद करून टाकलं. आता हँडलवरचं बटण दाबलं तरच उघडते, मला हेच जास्त आवडलं.

स्टिअरिंग लॉकचं अजून भिजत घोंगडं आहे. बिनचिपची चावी फिरवून आत ठेवली की काढेपर्यंत लॉक पडत नाही, सध्या तेवढ्यावर चाललंय. मेस्त (मेकॅनिक) म्हणतो लॉकची पिन घासून टाकूया. अर्धवट घासलेली पिन चोर्ला घाटाच्या वळणावर अडकली तर? काढायची तर आख्खी काढायची, आणि त्याआधी गिअर लॉक बसवायचा.

क्लचचं मात्र हे लिहिता लिहिता सुचलं. मागे म्हटलं होतं की ब्रेकच्या वायरमध्येच क्लचचा स्विच सिरीजमध्ये टाकतो, म्हणजे गिअरमध्ये गाडी उडी मारणार नाही. पण किटला बंद करतानाही ब्रेक लागतो, तिथे क्लच विसरला की बटण ऐकणार नाही. त्यापेक्षा स्टार्ट रिलेच्या कॉइलचा ग्राउंडच क्लच स्विचमधून न्यावा. किटने हवं तेवढं स्टार्ट पाठवू दे, क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरणारच नाही, बाकी वायरिंगला हातही लावायला नको. ब्रेकवाला प्लॅन रद्द.

गणेश चवथीला गाडी घरीच उभी असणार, त्याआधी ड्रेन (गाडी बंद असताना बॅटरीतून जाणारा करंट) मोजायचाय. मीटर १० अँपिअरच्या जॅकवरच लावा, नाहीतर दार उघडल्याबरोबर मीटरचा फ्यूज जातो. अगदी ४० मिलीअँपिअर धरले तरी दिवसाला जवळपास एक अँपिअर-अवर, आणि बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. फार निघाला तर एलएफ अँटेनाला (फोब जवळ आहे का ते शोधतो तो) वेगळा स्विच देणार.

कुणाकडे क्लच पेडलचा स्विच ब्रॅकेटसकट पडून असेल तर सांगा, सत्तरी तालुक्यापर्यंत येऊन घेऊन जायची तयारी आहे.