आगबोटीचा नकाशा: या हंगामात कुठवर आलो

मालवणच्या दक्षिणेला, साधारण 15 मीटर पाण्यात, एका जुन्या आगबोटीचे अवशेष आहेत. मच्छीमारांना ती जागा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, कारण तिथे जाळी अडकतात. नेमका ठिकाणा इथे देत नाही. खालचं पितळ आणि काचसामान उचलून नेणारे लोक कमी नाहीत, आणि एकदा जागा सगळ्यांना कळली की पुढच्या हंगामात बघायला काही उरत नाही.

या वेळी डाइव्ह करताना मी एकच काम धरलं: त्या अवशेषांचा मोजमापासह नकाशा काढायचा. नुसतं फिरून वर आलं की मासे आठवतात, गोप्रोत चार चांगले शॉट मिळतात, पण बोट कशी पडली आहे हे सांगता येत नाही. पाण्याखाली लिहायच्या पाटीवर रेघ ओढायची म्हटली की हा पत्रा बाजूचा की डेकचा, हा दांडा कुठून आला, हे ठरवावंच लागतं. तिथून खरं बघणं सुरू होतं.

डाइव्हचा दिवस ठरवताना मी आता रविवार बघत नाही, पंचांग बघतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते, तळाचा गाळ उठतो आणि हाताच्या अंतरापलीकडे काही दिसत नाही. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, ओढ मंदावते आणि गाळ बसतो. आमचे तांडेल काका किनाऱ्यावरूनच सांगतात, "भांगाचा पानी आसा, खाली बरा दिसतला." त्यांचा अंदाज मी कुठल्याही ॲपच्या वर धरतो. आपल्याकडे पाच-सहा मीटर दिसलं तरी तो दिवस उत्तम. अंदमानचे फोटो बघून इथल्या पाण्याला नावं ठेवणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

सगळ्यात समाधान हवेच्या वापराने दिलं. गेल्या वर्षी पृष्ठभागावरच्या दाबाच्या हिशोबाने मिनिटाला 22 लिटर हवा लागायची, आता 16 वर आलो आहे. 15 मीटरवर दाब अडीच पट, म्हणजे तेव्हा मिनिटाला 55 लिटर खर्च व्हायची, आता 40. आपला नेहमीचा 11.1 लिटरचा ॲल्युमिनियमचा टँक 200 बार (दाबाचं एकक) दाबाला भरलेला असेल आणि 50 बार राखून वर यायचं असेल, तर हाती उरतात सुमारे 1665 लिटर. पूर्वी तळावर जेमतेम 30 मिनिटं मिळायची, आता 40 च्या वर मिळतात. खाली उतरणं-चढणं धरून थोडी कमीच समजा, तरी नकाशा काढणाऱ्याला ती दहा मिनिटं फार मोलाची. यात ताकदीचा काही भाग नव्हता. खाली जायला कमरेला बांधतो ते वजन दोन किलोंनी कमी केलं, शरीर आडवं ठेवायला शिकलो आणि हात हलवणं बंद केलं, एवढंच.

पायाचं तंत्रही बदललं. वरखाली फिन मारले की गाळाचा ढग उठतो आणि मागून येणारा जोडीदार आंधळा होतो. त्यामुळे आता बेडकासारखी किक, गुडघे वाकवून, पाणी मागे ढकलत. सावकाश उलटं सरकायलाही जमू लागलंय. पत्र्याजवळ तोंड नेऊन बघितल्यावर मागे निघायचं तर दुसरा मार्ग नाही.

मोजमाप करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, होकायंत्र. एवढ्या लोखंडाशेजारी सुई भलतीकडे वळते, म्हणून दिशा मोजून नकाशा काढायचा नाद सोडला. त्याऐवजी दोन पक्के बिंदू धरले: बॉयलरची एक कड आणि तळातून वर आलेला एक खांब. प्रत्येक वस्तूचं अंतर दोन्हीपासून टेपने घ्यायचं आणि घरी कागदावर कंपासने दोन कंस काढायचे. ते छेदतात तिथे वस्तू. तळ बऱ्यापैकी सपाट आहे, म्हणून एवढ्यावर भागतं. दुसरी गोष्ट नजर. मास्कमधून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते, म्हणून अंदाजाने लांबी लिहायचीच नाही.

आत्तापर्यंत कागदावर बॉयलर, त्याच्या एका अंगाला पसरलेले पत्रे आणि शाफ्टचा तुकडा आला आहे. बॉयलर जाड पत्र्याचा, म्हणून तो टिकतो. बाजूचे पातळ पत्रे खाऱ्या पाण्यात आधी गळून पडतात. लाकडाची तर आशाच नको. आपल्या कोमट समुद्रात गाळाबाहेर राहिलेलं लाकूड जहाजकिडा खाऊन टाकतो. गोव्याजवळच्या सुंची रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सिला त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले, तेव्हा हाती आल्या त्या तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी. त्या जहाजाची ओळख पटली ती अशा मालावरून.

त्यांचंच गोव्याजवळच्या सेंट जॉर्जेस रीफवरचं काम मला जास्त जवळचं वाटतं. तिथल्या विटांवर बासेल मिशन टाइल वर्क्स या मंगळूरच्या कौलांच्या कारखान्याचा शिक्का आणि 1865 हे साल सापडलं. कोकणात जुन्या घरांवर मंगलोरी कौलं आहेत, त्यामुळे असे शिक्के आपल्याला परके नाहीत. 1865 हे कारखाना सुरू झाल्याचं साल. म्हणजे जहाज त्यानंतर कधीतरी बुडालं, एवढंच त्यावरून म्हणता येतं. पुराव्याकडून किती घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे मला त्या विटांनी शिकवलं.

हे सांगायचं कारण, आमच्या बॉयलरशेजारीही भट्टीच्या विटा दिसल्या आहेत. एकीवर अक्षरं आहेत, वर शेवाळ आणि शिंपले चिकटलेत. खरवडलेलं नाही, उचललेलीही नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे आणि ही बोट त्यात बसत असावी असं मला वाटतं. कायदा नसता तरी वीट जागची हलली की ती कुठे आणि कशाशेजारी पडली होती ही माहितीच जाते. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घेतलाय. पुढच्या भांगाला टॉर्च अगदी कडेने, तिरपा धरून पुन्हा घेणार आहे, उठावाच्या सावलीत निदान दोन-तीन अक्षरं लागतील. ब्रिटिश भट्टीविटांचे शिक्के ओळखणारं कुणी इथे असेल तर जरूर सांगा, आणि टेपचं दुसरं टोक धरायला सवडीचा जोडीदारही हवाच आहे.