आमची वाटचाल : खुंटीवरची निळी वायर

आमच्या दुकानात काउंटरमागे भिंतीला एक खुंटी आहे. कुणी रक्त-लघवीच्या रिपोर्टची पिशवी घेऊन आलं की मी आधी कम्प्युटरमागची निळी लॅनची वायर उपसतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्या खुंटीला अडकवतो आणि मगच पिशवी उघडतो. वायफायचं कार्ड त्या मशीनमध्ये बसवलेलंच नाही, म्हणजे रिपोर्ट वाचताना ते इंटरनेटपासून पूर्ण तुटलेलं असतं. हा नेम आजवर एकदाही मोडलेला नाही.

दुकान २००९ चं, आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात. झेरॉक्स, टायपिंग, सातबारा, पीकविम्याचे फॉर्म आणि जवळपासच्या दोन लॅबच्या कम्प्युटर-प्रिंटरची दुरुस्ती. चौदा वर्षं घर चाललं. त्यात सांगण्यासारखं एवढंच की लॅबमधल्या एका टेक्निशियन मित्राने मला रिपोर्ट वाचायला शिकवलं. तो म्हणायचा, "युनिट आधी पाय, आकडा मंग." क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी, कुणी मिलिग्रॅममध्ये लिहितं, कुणी मायक्रोमोलमध्ये. डेसिलिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे लिटरमागे ८८.४ मायक्रोमोल. युनिट न पाहता आकडा वाचणारा माणूस घाबरून तरी मरतो नाहीतर गाफील तरी राहतो.

खरी सुरुवात केली गुरुजींनी. मला चौथीत शिकवलेले, झेडपीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. २०२३ च्या दिवाळीनंतर ते सायकलच्या हँडलला एक कॅरीबॅग अडकवून आले. आत अकरा वर्षांचे रिपोर्ट होते. आर्वीचे, वर्ध्याचे, सेवाग्रामचे, काही फुगलेले, काही उंदराने कुरतडलेले. म्हणाले, "हे सारं एका कागदावर येते का पाय. पन कोनाले दाखवजो नोको." सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं त्यांना. आपल्या शुगरची चर्चा पानठेल्यावर व्हावी हे त्यांना नको होतं.

मोबाईलवर फोटो काढून एखाद्या चॅटबॉटला विचारणं तेव्हाही पाच मिनिटांचं काम होतं. पण रिपोर्टच्या माथ्यावर नाव असतं, वय असतं, मोबाईल नंबर असतो, डॉक्टरचं नाव असतं. फोटो एकदा फोनमधून निघाला की तो कुठल्या मशीनवर जातो, तिथे किती दिवस राहतो, यावर आपला काहीही ताबा नाही. गुरुजींना शब्द दिला होता, म्हणून मी घरातल्या घरात, इंटरनेटशिवाय चालणारं मॉडेल, म्हणजे चॅटबॉटच्या आत असतो तसा एआयचा मेंदू, शोधायला लागलो. असं मॉडेल आपल्याच मशीनवर चालवणारा लामा डॉट सीपीपी हा प्रोग्राम २०२३ च्या मार्चमध्येच आला होता, ओलामाही होता. अडचण होती ती मशीनची.

बायकोच्या नावची आरडी मोडली आणि नागपूरहून, सीताबर्डीतून, जुनं आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड आणलं, १२ जीबी मेमरीचं. हे कार्ड मी आजही कुणालाही डोळे मिटून सुचवतो. मॉडेल म्हणजे शेवटी साठवलेले आकडेच, त्यांना पॅरामीटर म्हणतात; आठशे कोटी पॅरामीटरचं मॉडेल प्रत्येक आकड्याला १६ बिट देऊन ठेवलं तर १६ जीबी जागा मागतं, ४ बिटांत दाबलं की साधारण ५ जीबीत बसतं. मग कार्डात रिपोर्टच्या मजकुरालाही जागा उरते. ४ बिटांच्या खाली मात्र दाबू नका, आकडे वाचायच्या कामाला तर मुळीच नाही. ग्राफिक कार्ड नसलेल्या १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही हे चालतं, फक्त बसून राहण्याची तयारी ठेवा. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे लाइटीच्या विजेसारखाच सरळ करंट देणारा घ्या. आमचा जुना इन्व्हर्टर भारनियमनात नुसता गुरगुरायचा, आणि मशीनचा एक पॉवर सप्लाय गेला तेव्हाच मी शहाणा झालो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून टेबलफॅन लावतो आणि मोठी कामं रात्री काढतो. कूलरची ओली हवा मशीनवर घेऊ नका, धूळ चिकटून थर बसतो.

पहिल्याच महिन्यात एक चूक झाली आणि तिने आमची सगळी पद्धत बदलली. गुरुजींच्या एका जुन्या डॉट मॅट्रिक्स रिपोर्टवर क्रिएटिनिन १.१ होतं. शाई उडालेली, टिंब दिसेना. स्कॅनरने ११ वाचलं आणि मॉडेलने त्यावर "किडनी निकामी होण्याची शक्यता" असं ठसक्यात लिहून दिलं. गुरुजी समोर बसलेले. त्यांचा हात टेबलावरून हळूच मांडीवर गेला, तो मला अजून दिसतो.

त्या दिवसापासून मॉडेलला अर्थ विचारणं आणि गणित देणं बंद केलं. ३०० डीपीआयवर स्कॅन, टेसरॅक्ट या प्रोग्रामने चित्रातली अक्षरं काढायची, मॉडेलने फक्त तक्ता भरायचा: तारीख, तपासणी, आकडा, युनिट, लॅबची मर्यादा. बेरजा, सरासऱ्या, आलेख पायथनच्या प्रोग्रामने करायचे, म्हणजे तेच आकडे दिले की तेच उत्तर येतं. मागच्या आकड्याच्या दुप्पट किंवा निम्मं काही आलं की ती ओळ लाल होते. मग गिऱ्हाईक कागदावर पट्टी ठेवून मोठ्याने वाचतो आणि मी पडद्यावर ताडून पाहतो. गुरुजी पट्टीसोबत लाल पेनही घेऊन बसायचे आणि प्रत्येक ओळीला बरोबरची खूण करायचे, तिमाही परीक्षेच्या पेपरला करत तशी.

सगळी पानं तपासून झाली आणि आलेख आला. क्रिएटिनिन ५९ व्या वर्षी ०.९, ७० व्या वर्षी १.५. मधला प्रत्येक रिपोर्ट सुटा पाहिला तर "मर्यादेत" किंवा "किंचित जास्त". लॅब बदलली की मर्यादाही थोडी बदलायची, म्हणून कुणाच्या डोळ्यात भरलं नव्हतं. वय धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, काढला तर ९८ वरून ५० वर आलेला. तो तीन महिन्यांहून जास्त ६० च्या खाली राहिला तर डॉक्टर त्याला किडनीचा जुनाट आजार धरतात. आम्ही निदान करत नाही. तो एक कागद घेऊन गुरुजी सेवाग्रामला गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न गुडघ्याच्या गोळ्यांचा विचारला. गुरुजी कित्येक वर्षं मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, म्हणजे किडनीला जड जाणारी दुखण्याची गोळी, आणून खात होते. ती त्याच दिवशी बंद झाली.

यानंतर कामं यायला लागली. ज्यांच्या घरी कम्प्युटर आहे त्यांच्याकडे मी मॉडेल पेनड्राइव्हवर नेऊन बसवून देतो, डिस्कला पासवर्डचं कुलूप घालून. ज्यांच्याकडे नाही त्यांचं काम दुकानात होतं. त्यासाठी फोल्डर डिस्कवर नसतं, रॅममध्येच असतं. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कची जागा वापरायची सोय, तीही बंद केलेली आहे, नाहीतर रॅममधलं गुपचूप डिस्कवर उतरतं. हे बरेच जण विसरतात. काम झालं, छापील कागद आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह हातात दिला की मी बटण बंद करतो आणि आमच्याकडे काही उरत नाही. पावतीबुकात तारीख आणि पानांची संख्या, नाव नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात स्टँडसमोर एक दुकान उघडलं. बोर्ड होता: रिपोर्टचा अर्थ पाच मिनिटांत, झेरॉक्ससोबत फुकट. ते मोबाईलने फोटो काढत आणि फुकटच्या अ‍ॅपमध्ये टाकत. एकच मोबाईल तीन पोरं वापरत. आमच्याकडे दोन तास लागायचे आणि तीनशे रुपये. गर्दी तिकडे गेली. मी हे तिथल्या मालकाला जाऊन सांगितलं होतं, की बाबा, फोटो गॅलरीत राहतात, तिथून क्लाउडवर चढतात, पेशंटची संमती घे, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वाच. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "भाऊ, गावात कोन इचारते?"

तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका मुलीचा सिकलसेलचा, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, रिपोर्ट मोबाईलवरून मोबाईलवर फिरला. एएस, म्हणजे ती वाहक. वाहक माणूस आजारी नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाला चारात एक या प्रमाणात आजाराची शक्यता असते. मुलाकडच्यांनी मुलाचं रक्त तपासलं असतं तर प्रश्न मिटला असता. त्यांनी सोयरीकच मोडली.

आणि गाव म्हणालं, कम्प्युटरवाल्याकडून फुटलं. आमच्या भागात कम्प्युटरवाला म्हणजे मी.

तो कागद माझ्या दुकानात कधी आलाच नव्हता. पण हे दाखवणार कसं? मी काही ठेवतच नाही, त्यामुळे आला नव्हता याचाही पुरावा नव्हता. ज्या गोष्टीचा मला अभिमान होता तीच गळ्याशी आली. बायका यायच्या थांबल्या. दोन्ही लॅबनी दुरुस्तीचं काम काढून घेतलं. दिवाळीत दुकानाचं भाडं निघालं नाही, कामावरच्या पोराला घरी पाठवावं लागलं. कार्ड विकायला काढलं, पुलगावहून एक जण पाहूनही गेला. हे दिवस मी विसरलेलो नाही, आणि तेव्हा रस्त्याच्या पलीकडून जाणारी माणसंही विसरलेलो नाही.

डिसेंबरात गुरुजी त्या मुलीच्या वडिलांना घेऊन आले. सोबत त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या. गुरुजी म्हणाले, "याले दोन्ही मशीन उघडून दे. तू भायेर बस." मी बाहेर ओट्यावर बसलो. पुतण्याने फोटोरेक नावाचा प्रोग्राम चालवला, तो डिलीट झालेलं परत काढतो. फॉर्मच्या मशीनवर त्याला कित्येक वर्षांपूर्वी मी पुसलेले पासपोर्ट फोटो सापडले, आणि त्यात त्याचा स्वतःचा दहावीच्या अर्जाचा फोटोही निघाला. रिपोर्टच्या मशीनवर तीन तास शोधूनही एका पेशंटचं एक पान निघालं नाही. मुलीचे वडील बाहेर आले, माझ्याशेजारी बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमी तुमचं नाव घेतलं होतं चावडीवर."

त्यांनी चावडीवर जाऊन ते परतही घेतलं. हे किती जण करतात? एक लॅब परत आली, दुसरी आली नाही. स्टँडसमोरचं दुकान आता रिचार्ज आणि कव्हर विकतं. तिथल्या कुणीही त्या फिरलेल्या रिपोर्टबद्दल आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही, आणि गावानेही त्यांना विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं.

गुरुजी निवडणुकीत पडले, पण क्रिएटिनिन १.४ वर थांबलं आहे. नवा रिपोर्ट आता ते घरीच स्वतः भरतात, पट्टी ठेवून.

मागच्या महिन्यात मुलीचे वडील त्यांच्या स्वतःच्या शुगरचे रिपोर्ट घेऊन आले. मी वायर खुंटीला लावली, पिशवी उघडली. निम्मे रिपोर्ट पावतीसारख्या थर्मल कागदावरचे, ज्यावरची छपाई उष्णतेने उडते, लोखंडी पेटीत उन्हाळे काढलेले. असे कागद मिळाले त्याच दिवशी साधी झेरॉक्स काढून ठेवा, दोन रुपये लागतात. २०१६ ची पावती आम्ही दोघांनी खिडकीपाशी तिरपी धरून पाहिली. तारीख लागली, आकडा लागला नाही. तक्त्यात ती ओळ रिकामी सोडली.